बंदुकीची नळी घरी बदलता येते का? लिव्हर रायफलचा व्हिडिओ, आपली ठासणीची बंदूक आणि कायदा

भात पोटरीला आलं की रानडुकरांच्या रात्री सुरू होतात. राखणीच्या माळ्यावर बॅटरी, डबा आणि ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांची बंदूक. कोकणातल्या बऱ्याच घरांत शेती संरक्षणाची ही बंदूक आजोबांपासून आहे. पावसाळ्यात नळीला गंज धरतो, आत खड्डे पडतात, कधी बारीकशी चीर दिसते. मग पहिला प्रश्न येतो, नळीच बदलून टाकली तर?

मोबाईलवर याचं उत्तर सोपं दिसतं. अमेरिकेतला एखादा माणूस घरामागच्या वर्कशॉपमध्ये लिव्हर रायफल वाईसमध्ये धरतो, जुनी नळी पिळून काढतो, नवी बसवतो आणि वीस मिनिटांत व्हिडिओ संपतो. पण त्या वीस मिनिटांत दोन गोष्टी दिसत नाहीत. एक म्हणजे त्या कामामागची मोजमापं. दुसरी म्हणजे तिथला कायदा, जो आपल्या कायद्यापेक्षा पार वेगळा आहे. आपल्याकडे तेच काम घरी किंवा गावातल्या लोहाराकडे केलं, तर नळी फुटून हात जाऊ शकतो. नळी टिकली तरी किमान सात वर्षांच्या शिक्षेचा गुन्हा होतो.

लिव्हर रायफल म्हणजे काय?

चापाभोवतीची लोखंडी कडी खाली ओढून परत वर घेतली की रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि नवं आत जातं. ही कडी म्हणजेच लिव्हर. या प्रकारातली सर्वांत प्रसिद्ध रायफल म्हणजे विंचेस्टर मॉडेल १८९४. तिचा आराखडा जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराचा. सुरुवातीला ती जुन्या काळ्या दारूच्या काडतुसांसाठी निघाली. १८९५ मध्ये तिच्यासाठी धूरविरहित दारूचं .३०-३० काडतूस आलं आणि त्यासाठी नळीला जास्त मजबूत निकेल पोलाद वापरावं लागलं. पुढे ही रायफल ७० लाखांहून अधिक बनली. अमेरिकेच्या ग्रामीण भागात हरणाच्या शिकारीसाठी ती आजही घराघरांत आहे.

इतक्या जुन्या रायफली वापरात असल्यामुळे त्यांच्या नळ्या बदलण्याचं कामही तिथे नेहमीचं आहे. काही नळ्यांच्या आतल्या पिळाच्या खाचा झिजलेल्या असतात. काहींना जुन्या काडतुसांच्या क्षारांमुळे आतून गंज लागलेला असतो.

तिथे नळी बदलतात कशी?

या रायफलची नळी मधल्या पोलादी पेटीत आट्यांनी पिळून बसवलेली असते. या पेटीला रिसीव्हर म्हणतात. नळीखाली काडतुसांची दुसरी बारीक नळी आणि लाकडी हातधरणी असते. ते सगळं आधी उतरवावं लागतं. शंभर वर्षांचे आटे गंजाने आणि तेलाच्या मळीने जाम झालेले असतात. नळी एका भक्कम शिकंज्यात धरून पेटी तिच्या मापाच्या खास पान्याने फिरवली जाते. पान्याचा जोर चुकीच्या जागी पडला तर पातळ पेटीच पिळवटते किंवा तडकते. मग नळी राहते बाजूला आणि सगळी रायफल भंगारात जाते.

खरी कसोटी नवी नळी बसवताना लागते. आटे घट्ट होतील त्याच जागी निशाणीची खाच बरोबर माथ्यावर आली पाहिजे. काडतूस ओढणाऱ्या आकड्यासाठी केलेली खाच आणि खालच्या नळीचा जोडही आपापल्या जागी यायला हवा. नळी थोडी आधी घट्ट झाली, तर तिच्या खांद्यावरचा केसभर धातू उतरवावा लागतो. जास्त उतरला तर नळी ढिली.

यानंतर येतं हेडस्पेस. काडतूस आत बसल्यावर त्याच्या मागे किती जागा उरते, त्याचं हे माप. .३०-३० च्या काडतुसाला मागे कडा असते आणि त्या कडेवरच हे माप ठरतं. ते तपासायला दोन गेज असतात. एका गेजवर बोल्ट बंद झालाच पाहिजे आणि दुसऱ्यावर बंद होता कामा नये. दोघांतला फरक इंचाच्या काही हजाराव्या भागांचा. जागा जास्त उरली तर बार उडताना पितळी काडतूस फाटतं आणि तापलेला वायू मागे, म्हणजे नेम धरणाऱ्याच्या तोंडाकडे येतो.

१८९४ मॉडेलमध्ये बोल्टला मागून कुलूप लागतं. तो कुलपाचा तुकडा झिजला असेल, तर नवी कोरी नळी बसवूनही माप चुकतं. म्हणून जाणकार कारागीर नळीबरोबर बाकीचे भागही तपासतो. पहिला बार तो हातात धरून काढत नाही. रायफल पक्की बांधून, दुरून दोरीने चाप ओढतो.

व्हिडिओतला माणूस हे सगळं करतो तेव्हा त्याच्याकडे लेथ असतो, गेज असतात आणि कंपनीने त्याच रायफलसाठी तपासून बनवलेली नळी असते. तिथेही पुष्कळ लोक हे काम घरी न करता परवानाधारक बंदूक कारागिराकडेच देतात.

तिथे चालतं, इथे का नाही?

अमेरिकेच्या १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्याप्रमाणे रायफलची मधली पेटी म्हणजेच ‘बंदूक’. नंबर तिच्यावर असतो आणि विक्रीची नोंदही तिचीच होते. नुसती नळी हा केवळ सुटा भाग. ती टपालानेही घरी येते. स्वतःच्या रायफलची नळी स्वतः बदलायला तिथल्या केंद्रीय कायद्याची आडकाठी नाही. तरी एक मर्यादा आहे. रायफलची नळी १६ इंचांपेक्षा आखूड झाली की १९३४ च्या कडक कायद्याखाली वेगळी नोंदणी लागते. शिवाय लोकांच्या बंदुका दुरुस्त करण्याचा धंदा करायचा तर परवाना लागतोच.

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ लागू आहे. त्याच्या कलम २ मध्ये ‘अग्निशस्त्र’ या शब्दाची व्याख्या आहे. त्या व्याख्येत बंदुकीचे सुटे भागही येतात आणि बंदूक बनवण्याची यंत्रंही येतात. म्हणजे आपल्या कायद्याच्या नजरेत सुटी नळी हीसुद्धा अग्निशस्त्रच. ती परवान्याशिवाय विकत घेणं, बनवून घेणं किंवा माळ्यावर लपवून ठेवणं हा बंदूक बाळगण्याच्या जातीचाच गुन्हा आहे.

कायद्यातली महत्त्वाची कलमं

कलम ५: शस्त्र बनवणं, विकणं, बदलणं, दुरुस्त करणं आणि चाचणी घेणं यासाठी वेगळा परवाना लागतो. शेतकऱ्याकडे असतो तो बंदूक बाळगण्याचा परवाना. दुरुस्तीचा परवाना नव्हे. बंदूक स्वतःची आहे म्हणून तिची दुरुस्ती स्वतः करता येईल, असा अर्थ त्यातून निघत नाही.

कलम ६: परवान्याशिवाय नळी आखूड करता येत नाही. एका प्रकारच्या बंदुकीचं दुसऱ्या प्रकारात रूपांतरही करता येत नाही. ठासणीच्या बंदुकीला काडतुसाची नळी लावणं यातच येतं. तोंडाशी फाटलेली नळी चार बोटं कापून टाकली, तरी ती ‘आखूड केलेली नळी’ ठरते.

कलम ८: बंदुकीवरचं बनवणाऱ्याचं नाव, नंबर, खूण खोडता किंवा बदलता येत नाही. खोडलेल्या नंबरची बंदूक कुणाकडे सापडली, तर नंबर त्यानेच खोडला असं कायदा गृहीत धरतो. तसं नाही हे त्या माणसाला सिद्ध करावं लागतं. गंज काढायला नळी कानशीने किंवा ग्राइंडरने घासणाऱ्यांनी हे नीट लक्षात ठेवावं.

कलम १३: खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद याच कलमात आहे. ठासणीची बंदूक पुरेशी नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली, तर गुळगुळीत नळीच्या दुसऱ्या बंदुकीचाही परवाना देता येतो. संरक्षण किंवा खेळासाठीच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीची नळी किमान २० इंच, म्हणजे सुमारे ५१ सेंटिमीटर असावी, असंही हे कलम सांगतं.

कलम २५: शिक्षा इथे आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ५ किंवा कलम ६ मोडल्यास किमान ७ वर्षं ते जन्मठेप आणि वर दंड. ही शिक्षा बंदुकीच्या मालकापुरती नाही. दोन-पाचशे रुपयांसाठी नळी बसवून देणारा लोहार, वेल्डर किंवा लेथवाला यालाही तीच लागू होते. ओळखीखातर काम करून देणाऱ्या कारागिराला बहुतेक वेळा याची कल्पनाच नसते.

नळी फुटते ती का?

चारचाकीच्या टायरमध्ये हवेचा दाब साधारण ३० ते ३५ पीएसआय असतो. बारा बोअरच्या नेहमीच्या काडतुसाचा कमाल दाब ११,५०० पीएसआयपर्यंत जातो. .३०-३० रायफलचा ४२,००० पर्यंत. हा दाब क्षणाच्याही छोट्या भागात येतो आणि तो अडवायला नळीची भिंत तेवढी असते. पाण्याचा किंवा मोटारीचा पाईप दिसायला नळीसारखाच, पण तो या दाबासाठी बनवलेला नसतो. अशा पाईपने दोन-चार बार टिकूनही जातात. तेवढ्यावर भरवसा बसतो आणि पाचव्या बाराला डाव्या हाताची बोटं जातात.

बंदुकीच्या नळीची कारखान्यात जादा दाबाने चाचणी होते. तिला प्रूफ चाचणी म्हणतात. पास झालेल्या नळीवर तसा शिक्का मारतात. गावात बसवलेल्या नळीची अशी कोणतीच चाचणी झालेली नसते. तिची चाचणी होते ती थेट शेतकऱ्याच्या गालाजवळ.

चांगली नळीही फुटू शकते. त्याची नेहमीची कारणं अशी.

– नळीत अडथळा. चिखल, साफसफाईची चिंधी, कुंभारमाशीने केलेलं मातीचं घर. बंदूक महिनोन् महिने टांगून ठेवली की हे होतंच.

– चुकीचं काडतूस. वीस बोअरचं काडतूस बारा बोअरच्या नळीत घसरून पुढे अडकतं. बंदूक रिकामी समजून मागे बारा बोअरचं काडतूस भरलं आणि चाप ओढला की नळी उघडते.

– ठासणीत दोनदा भरणं. आधीची दारू आत आहे हे विसरून दुसरी भरली जाते. किंवा गोळी पुरती खाली न जाता मध्येच राहते.

– चुकीची दारू. ठासणीची बंदूक काळ्या दारूसाठी असते. काडतूस फोडून काढलेली धूरविरहित दारू तिच्यात भरली तर दाब कितीतरी पटीने वाढतो.

– जुनी पिळाची नळी. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या गुंडाळून बनवलेल्या जुन्या विलायती दुनळीवर सुंदर नक्षी दिसते. तिच्या पट्ट्यांच्या सांध्यांत आतून गंज शिरलेला असू शकतो. आजची काडतुसं तिच्यात वापरणं धोक्याचं.

दुनळीची गोष्ट आणखी नाजूक

बारा बोअरच्या दुनळीत नळ्या आट्यांवर नसतात. खालच्या आकड्यावर त्या पेटीत अडकतात आणि बंदूक मोडली की सुटतात. त्यामुळे काहींना वाटतं, दुसऱ्या बंदुकीच्या नळ्या आणून अडकवल्या की काम झालं. तसं होत नाही. प्रत्येक बंदुकीच्या नळ्या तिच्याच पेटीला हाताने घासून बसवलेल्या असतात. कारागीर नळीच्या बुडाला दिव्याची काजळी लावतो, बंदूक बंद करतो, परत उघडतो आणि काजळी जिथे पुसली गेली तेवढंच कानशीने घासतो. पूर्ण पृष्ठभाग सारखा टेकेपर्यंत हे चालतं. वरून घट्ट वाटणारा जोड आत एका बाजूलाच टेकलेला असेल, तर काही बारांत तो सैल होतो.

मग नळी खराब झाली तर काय करायचं?

१. बंदूक रिकामी आहे याची आधी खात्री करा. ठासणीच्या बंदुकीत गज आत टाकून पाहा. रिकाम्या नळीत गज बुडापर्यंत जातो. त्याआधीच अडला तर आत काहीतरी आहे. टोपी चढवू नका आणि अडलेला माल स्वतः ठोकून काढू नका.

२. चीर, फुगवटा, खोल खड्डे किंवा सैल जोड दिसला तर त्या बंदुकीने एकही बार काढू नका. ‘हा हंगाम जाऊ दे’ म्हणणं महागात पडतं.

३. जिल्हाधिकारी कार्यालयात शस्त्र परवान्याचं काम पाहणाऱ्या शाखेला लेखी अर्ज द्या. बंदुकीचा प्रकार, नंबर, बिघाड आणि कुणाकडे दुरुस्ती करायची ते लिहा. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

४. बंदूक दुरुस्तीचा परवाना असलेल्या विक्रेत्याकडे किंवा कारागिराकडेच न्या. त्याचा परवाना पाहायला मागण्यात गैर काही नाही. बंदूक रिकामी, गुंडाळलेली आणि सोबत मूळ परवाना असावा.

५. स्वतः जाणं शक्य नसेल तर मुलाला किंवा भावाला नुसतं पाठवू नका. कलम ३ प्रमाणे परवानाधारकाच्या लेखी अधिकारपत्रावर दुसऱ्या माणसाला दुरुस्तीसाठी बंदूक नेता येते. चिठ्ठी नसेल तर तो माणूस वाटेत विनापरवाना बंदूक बाळगणारा ठरतो.

६. बंदूक जमा केल्याची आणि परत घेतल्याची पावती घ्या. पावतीवर नंबर हवाच. काम काय केलं हेही लिहून घ्या.

७. नळी बदलली आणि तिच्यावर वेगळा नंबर किंवा खूण असेल, तर परवान्यातल्या नोंदीशी ती जुळते का ते बार काढण्याआधी परवाना शाखेकडून लेखी स्पष्ट करून घ्या. निवडणुकीत बंदूक जमा करताना किंवा नूतनीकरणाच्या वेळी हाच नंबर तपासला जातो.

८. जुन्या नळीचं काय केलं त्याचाही कागद ठेवा. ती भंगारवाल्याला देऊ नका आणि घरातही पाडून ठेवू नका.

बऱ्याचदा हिशोब केल्यावर जुनी बंदूक दुरुस्त करण्यापेक्षा ती रीतसर जमा करून परवान्यावर दुसरी घेणं परवडतं. कारागीर ‘ही होणार नाही’ म्हणाला तर त्याचं ऐकावं.

नळी टिकवायची कशी?

साधी साफसफाई म्हणजे दुरुस्ती नव्हे. ती घरी करता येते आणि करायलाच हवी. काळी दारू जळाल्यावर मागे जे क्षार राहतात ते हवेतला ओलावा ओढतात. कोकणातल्या दमट हवेत एका रात्रीत तांबूस थर दिसतो. म्हणून बार काढला त्याच दिवशी नळी गरम पाण्याने धुवावी. काळ्या दारूचा मळ तेलापेक्षा पाण्याने चांगला निघतो. मग कोरड्या फडक्याने पूर्ण कोरडी करून तेलाचा पातळ हात द्यावा. पुढच्या वेळी बंदूक भरण्याआधी ते तेल पुसून काढावं. बंदूक चुलीवरच्या धुरात, ओल्या भिंतीला किंवा कातडी म्यानात कायमची ठेवू नये. म्यानाचं कातडं ओल धरतं.

नेहमी पडणारे प्रश्न

*वडील वारले, बंदूक घरात आहे. ती दुरुस्त करून वापरता येईल का?*
नाही. परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नावावर नव्हे. परवानाधारक गेल्यावर वारसांनी बंदूक विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची आणि स्वतःच्या नावाने परवान्याचा अर्ज करायचा.

*परवाना संपला आहे, दुरुस्तीला नेता येईल का?*
आधी परवान्याचं पाहा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत ३ ऐवजी ५ वर्षं झाली आहे. पण मुदत संपली असेल तर ती बंदूक बाळगणंच बेकायदा ठरतं.

*बंदुकीचा परवाना आहे, म्हणजे डुक्कर मारता येतं का?*
नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ वेगळा आहे. नुकसान करणाऱ्या प्राण्यासाठीही कलम ११ प्रमाणे वन विभागाची लेखी परवानगी लागते. पिकाचं नुकसान झालं तर लगेच वनरक्षकाला कळवून पंचनामा करून घ्यावा आणि भरपाईचा अर्ज करावा.

*गावातला लोहार पिढ्यान् पिढ्या हे काम करतो, त्याचं काय?*
कोयता, फाळ, विळा यांसाठी त्याच्याकडे जरूर जा. त्याच्या हाताची कला खोटी नाही. पण दुरुस्तीचा परवाना नसताना त्याच्या हातात बंदूक देणं म्हणजे त्याला आणि स्वतःला एकाच गुन्ह्यात अडकवणं.

हंगामाच्या तोंडावर बंदूक बंद पडली की घाई होते, कारण डुक्कर कागदपत्रांसाठी थांबत नाही. म्हणून नळीची तपासणी पेरणीआधी, उन्हाळ्यातच करून घ्यावी. तेव्हा दुरुस्तीला आणि परवाना शाखेच्या फेऱ्यांना वेळ मिळतो. एका हंगामाचं भात गेलं तर पुढच्या वर्षी परत पेरता येतं.